उरलेल्या ११८ उल्का कुठं गेल्या?

१३ डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘आज रात्री आकाशात दिवाळी! ताशी १२० उल्का पडणार! शंभर वर्षांतून एकदा येणारी संधी!’ सोबत फोटो. डोंगरामागून कारंज्यासारख्या साठ-सत्तर रेघा उसळलेल्या. माझा पुतण्या नववीत आहे, तालुक्याच्या गावी राहतो. त्यानं जेवण उरकलं, चटई घेतली आणि आठ ते नऊ असं घड्याळ लावून तासभर गच्चीवर पडून राहिला. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन.

“काका, दोनच दिसल्या. बाकीच्या एकशे अठरा कुठं गेल्या?”

“ढग असतील”, “तू डोळे मिटले असशील” असं म्हणून हा प्रश्न उडवता आला असता. पण पोरानं घड्याळ लावून मोजलं होतं. मोजणाऱ्याला हिशेबानंच उत्तर द्यावं लागतं.

आधी मेसेजची झाडाझडती. शंभर वर्षांतून एकदा वगैरे काही नाही. हा मिथुन राशीतला उल्कावर्षाव दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर येतो, बिनबोभाट. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना १३-१४ तारखेच्या आसपास दरवेळी त्याच धुळीच्या पट्ट्यातून जाते. फोटोही एका क्षणाचा नसतो. रात्रभर कॅमेरा लावून ठेवायचा, शेकडो फोटोंतून उल्का असलेले निवडायचे आणि एकावर एक चिकटवायचे. चित्र म्हणून त्यात वावगं काही नाही. पण ते पाहून गच्चीवर गेलेल्या पोराच्या पदरी निराशाच येते.

आणि ‘पडणार’ हा शब्द. वर्षावातली उल्का पडत नाही. ती जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच संपते. जे खाली जमिनीपर्यंत पोचतं त्याला मराठीत ‘अशनी’ असा वेगळा, नेमका शब्द आहे. एवढी सोय असताना वर्तमानपत्रं दोन्हींची खिचडी का करतात, हे मला कळत नाही.

आता १२०. हा आकडा खोटा नाही, पण त्याला अटी आहेत. याला म्हणतात झेडएचआर, झेनिथल अवर्ली रेट. यातला ‘झेड’ झेनिथचा, म्हणजे आपल्या खस्वस्तिकाचा, डोक्यावरच्या अगदी मधल्या बिंदूचा. पहिली अट अशी, की वर्षावाचा उगमबिंदू, म्हणजे ज्या बिंदूतून त्याच्या उल्का निघाल्यासारख्या वाटतात तो, नेमका डोक्यावर हवा. दुसरी, आकाश इतकं काळं हवं की ६.५ प्रतीपर्यंतचे अंधूक तारे नुसत्या डोळ्यांनी दिसावेत. (प्रत म्हणजे ठळकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक.) दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर एका माणसाला तासाला १२०. म्हणजे वांग्याच्या वाणाच्या पाकिटावर छापतात तसं हे उत्पन्न: जमीन भारी, पाणी वेळेवर, कीड नाही, तर एकरी इतकं.

पुतण्याच्या गच्चीवर काय होतं? मिथुनेचा उगमबिंदू आमच्याकडे त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर उगवतो. साडेआठला तो क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर होता. बिंदू तिरपा असला की धूळही तिरपी येते आणि तेवढीच धूळ जास्त आकाशावर पसरते. सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन यांत जो फरक, तोच. गणितात या उंचीच्या साइनने गुणायचं. १३ अंशांचा साइन सुमारे ०.२३. एकशे वीस गुणिले ०.२३ म्हणजे २७-२८ उरल्या.

मग उजेड. चौकात हायमास्ट, शेजारी लग्नाच्या हॉलची रोषणाई. तिथून चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले तरी खूप. म्हणजे आदर्श आकाशापेक्षा अडीच प्रती कमी. उल्कांमध्ये ठळक थोड्या आणि अंधूक पुष्कळ असतात. मिथुन वर्षावात एक प्रत खाली उतरलं की संख्या साधारण २.६ पट होते. त्यामुळे अडीच प्रती गमावल्या की २.६ चा अडीचावा घात, म्हणजे जवळजवळ ११ ने भागायचं. सत्तावीस भागिले अकरा, अडीच.

पुतण्यानं दोन पाहिल्या होत्या. इतकं चोख निरीक्षण मला पहिल्या खेपेला जमलं नव्हतं. म्हटलं, “उद्या रविवार आहे, बस पकड आणि गावी ये. स्वेटर, माकडटोपी घेऊन. काकूच्या वाकळेवर भरवसा ठेवू नकोस.”

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. चुलतभावाच्या वावरात यंदा हरभरा होता आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाइनची पाळी रात्रीची. विदर्भातल्या शेतकऱ्याइतका रात्री आकाशाखाली जागणारा माणूस दुसरा नसेल. डिसेंबरात ओलित करायला, बाकीच्या दिवसांत रानडुकरं आणि रोही हाकलायला जागली. वेधशाळांतले लोक तरी मधूनमधून आत जाऊन चहा घेतात.

साडेदहाला आम्ही वावरात पोचलो. झोपडीतून दोन बाजा बाहेर काढल्या. मी पुतण्याचा मोबाइल काढून खिशात घातला आणि बॅटरीच्या काचेला लाल पतंगी कागद बांधला. अंधारात डोळ्याच्या पडद्यातलं रोडोप्सिन हे द्रव्य साठत जातं, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा उजेड ते क्षणात धुऊन टाकतो. लाल उजेडाला ते फारसं दाद देत नाही. हे सांगेपर्यंत चुलतभाऊ फावडं खांद्यावर टाकून आला.

“दादा, ह्या तं मी रोजच पायतो. आज काय तिकीट लावलं काय?”

त्याचं बरोबर होतं. वर्षाव असो नसो, काळ्या रात्री तासाला पाच-सात भटक्या उल्का दिसतातच. तारा तुटला म्हणजे कुणीतरी गेलं, असं आमची आजी म्हणायची आणि रेघ दिसली की मान खाली घालायची. तिला मी लहानपणी विचारायला हवं होतं ते असं: नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे साऱ्या आकाशात मिळून सहा हजारांच्या घरात. रात्रीला तीस तुटले तर दोनशे रात्रींत आकाश रिकामं व्हायला हवं. आजीच्या ऐंशी वर्षांत सप्तर्षींतला एकही कमी झाला नाही. आजीला हिशेब चांगला यायचा, पटलंही असतं कदाचित.

उगमबिंदू वर चढायला वेळ होता, म्हणून ग्रह पाहिले. पश्चिमेला शनी कलला होता, मध्यरात्रीनंतर मावळणार. त्याची कडी २०२५ साली आपल्याला जवळजवळ कडेवर दिसत होती, म्हणून दुर्बीणवाल्यांनाही ग्रहाला टोचलेली बारीक सुई काय ती दिसायची. चुलतभाऊ त्याच्याकडे पाहायला फारसा उत्सुक नव्हता. साडेसाती चालू आहे असं कुणीतरी त्याला सांगितलेलं.

साडेसातीबद्दल मला नेहमी दोन गोष्टी वाटतात. एक, त्यामागचं निरीक्षण फार सुंदर आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून साडेसात. दुर्बीण नसताना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आकाश पाहून हा काळ काढला, त्यांना नमस्कारच केला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे बारापैकी तीन राशी कायम साडेसातीत असतात. हजार वस्तीच्या गावात अंदाजे अडीचशे माणसं. ज्याला तेल आणि अंगठ्या विकायच्या आहेत त्याचं गिऱ्हाईक कधीच आटत नाही. निरीक्षण फुकट मिळालं होतं, भीती मागाहून विकायला आणली.

पूर्वेला गुरू मात्र डोळ्यांत भरत होता, नेमका मिथुनेतच, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. माझी दहा बाय पन्नासची साधी दुर्बीण बाजेच्या खुराला टेकवली की हात हलत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, ते त्याचे चंद्र. चार मोठ्या चंद्रांपैकी जेवढे त्या वेळी आड गेलेले नसतील तेवढे. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते. गुरू त्या दिवशी आपल्यापासून सुमारे ६५ कोटी किलोमीटरवर होता, तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला ३६ मिनिटं लागतात. आम्ही अकराला पाहिला तो दहा वाजून चोवीस मिनिटांचा गुरू.

गुरूचा या वर्षावाशी संबंधही आहे. १८६२ च्या आधी मिथुन वर्षाव कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. धुळीचा हा पट्टा पृथ्वीच्या वाटेवर पूर्वी नव्हताच. ग्रहांच्या ओढीनं, त्यातही गुरूच्या, तो हळूहळू सरकत आपल्या रस्त्यात आला आणि तसाच पुढं सरकत राहील. धूळ कुणाची, हे तर त्याहून उशिरा कळलं. १९८३ साली आयरास या उपग्रहाला पाच-सहा किलोमीटर आकाराचा एक लघुग्रह सापडला, त्याचं नाव फेथन. दर १.४ वर्षांनी तो सूर्यापासून २.१ कोटी किलोमीटर इतका जवळून जातो. बुध सरासरी ५.८ कोटींवर असतो, त्याच्याही कितीतरी आत. बाकीचे मोठे वर्षाव बहुधा धूमकेतूंची धूळ. हा मात्र भाजून निघालेल्या दगडाची.

बारा वाजता लाइन आली, मोटर सुरू झाली, स्प्रिंकलर टिक-टिक फिरायला लागले. त्याच सुमारास मृगाच्या वरून एक ठळक, पांढुरकी रेघ निघाली आणि पुतण्या ओरडेपर्यंत विझली.

“हे काय,” चुलतभाऊ म्हणाला, “ते गुढीपाडव्याले दिसलं होतं ना, तशी एखादी येऊ द्या. सारं गाव बाहेर निघालं होतं.”

त्याच्या या वाक्यावर मी बाजेवर उठून बसलो, कारण माझा सगळ्यात आवडता विषय त्यानं नकळत काढला होता.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून आगीची माळ सरकत गेली. माणसं घरातून बाहेर आली, एकमेकांना बोलावलं, मोबाइल काढले, व्हिडिओ केले, तरी ती चालूच होती. त्या रात्री कुणी उल्कापात म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं, दोन-तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोंवर वजनाचं. जवळपासच्या शिवारात धातूचे गोळेही मिळाले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा असल्याचं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं.

कडं सापडायच्या आधीच, नुसत्या व्हिडिओवरून, ती उल्का नव्हे हे सांगता येत होतं. ती फार सावकाश चालली होती.

पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरांहून थोडा कमी असतो. उल्का मात्र बाहेरून येते. समजा एखादा खडा अंतराळात अगदी शांत उभा आहे आणि पृथ्वीनं त्याला नुसतं ओढून घेतलं, तरी हवेत शिरताना तो ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद वेगानं शिरेल. ही खालची मर्यादा. याहून सावकाश उल्का असूच शकत नाही.

वरची मर्यादा काढायला आणखी मजा येते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं धावते, अकोल्याहून नागपूर आठ-सव्वाआठ सेकंदांत. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याच्या तावडीतून निसटायला लागणारा वेग याच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे ४२. जो खडा सूर्याच्या घरचा आहे, त्याचा वेग इथं ४२ च्या वर जाऊ शकत नाही. गेला असता तर तो केव्हाच पळून गेला असता. आता हा ४२ चा खडा आणि ३० ची पृथ्वी समोरासमोर आले तर ४२ अधिक ३०, बहात्तर. मागून आला तर ४२ उणे ३०, बारा. पण बाराचा बाराच राहत नाही, पृथ्वीची ओढ त्यात मिळते. इथं वेग सरळ मिळत नाहीत, त्यांचे वर्ग मिळतात: बाराचा १४४ अधिक ११.२ चा १२५, बेरीज २६९, वर्गमूळ सोळाच्या थोडं वर. समोरून येणाऱ्याला हीच ओढ जेमतेम एक किलोमीटर वाढवून देते. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्याला पृथ्वी फार काही देत नाही, हे निसर्गाचं मला विशेष आवडतं.

तर उल्केची हद्द ११ ते ७२. नोव्हेंबरातला सिंह वर्षाव ७१ वर येतो, जवळजवळ कमाल, कारण त्याचा धूमकेतू टेम्पल-टटल उलट्या दिशेनं फिरतो आणि धूळ आपल्याला समोरून भेटते. ऑगस्टचा ययाती वर्षाव ५९. (त्याचं कौतुक पुष्कळ होतं, पण विदर्भात त्या वेळी आभाळ भरलेलं असतं.) मिथुन वर्षाव ३५, म्हणून त्याच्या उल्का डौलदार वाटतात, नजर त्यांच्यामागं जाऊ शकते. आणि उल्का सूर्याच्याच कुटुंबातल्या की बाहेरून, ताऱ्यांमधून आलेल्या, हा वाद शास्त्रज्ञांत खरोखर झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक इथं बर्नार्ड लव्हेल आणि सहकाऱ्यांनी रडारनं हजारो उल्कांचे वेग मोजले. बहात्तरच्या पलीकडचे सापडेनात. निकाल लागला.

म्हणून वावरातली साधी कसोटी: “ते पाय!” म्हणून ओरडावं, शेजारच्यानं वळून पाहावं आणि तरीही ते चालू असेल, तर ती बहुधा उल्का नाही. ३५ च्या वेगानं वीस-पंचवीस किलोमीटरची रेघ पाऊण सेकंदाच्या आत संपते. वाक्य पुरं होत नाही.

“मग रात्री बारानंतर जास्त काहून दिसतात?” चुलतभावानं विचारलं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं निरीक्षण होतं.

संध्याकाळी मोटारसायकलवरून येताना चिलटं कुठं बसतात? छातीवर, तोंडावर, चष्म्यावर. पाठीवर नाही. पृथ्वी ही तशीच धावती मोटारसायकल. तिचं तोंड कुठल्या बाजूला? सूर्य उगवताना आपण जिथं उभे असतो, त्या वेळी पृथ्वीच्या धावण्याची दिशा आपल्या डोक्यावर असते. म्हणजे मध्यरात्रीपासून पुढं आपण पृथ्वीच्या छातीकडच्या बाजूला येत जातो. संध्याकाळी पाठीवर बसलेले असतो, तिथं फक्त पृथ्वीला मागून गाठणारी चिलटं. भटक्या उल्का म्हणूनच पहाटे जास्त आणि वेगवान दिसतात. मिथुनेचा उगमबिंदू रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, हा वेगळा योग.

आता ती चमकते कशानं? पुस्तकात उत्तर ठरलेलं: हवेशी घर्षण होऊन पेट घेते. परीक्षेत हेच लिही, असं मी पुतण्याला सांगितलं, आणि मग खरं काय ते सांगितलं.

शंभर किलोमीटर उंचीवर हवा आपल्या इथल्या हवेच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतकी विरळ. तिथला एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळा जातो. उल्का होणारा खडा तुरीच्या दाण्याएवढा, फार तर हरभऱ्याएवढा. त्याच्यासाठी ती हवा वाहतच नाही. तिथं सुटे रेणू आहेत आणि ते एकेक करून, गोळीसारखे, त्याच्यावर येऊन आदळतात. घासण्याचा प्रश्नच येत नाही. ३५ किलोमीटर वेगानं आदळणाऱ्या नायट्रोजनच्या एका रेणूपाशी सुमारे १८० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, आणि दगडातून एक अणू उपटायला पाच-सहाच्या आसपास पुरते. तीस पट जोराचा घाव. असे घाव अब्जावधी. दाण्याचा पृष्ठभाग वितळतो, उकळतो, अणू सुटे होतात. पण सुटे झालेले अणूही ३५ च्याच वेगानं पुढं चाललेले असतात! ते हवेच्या रेणूंना धडकतात, त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतात आणि खाली उतरताना प्रकाश सोडतात. मॅग्नेशियम हिरवा, सोडियम पिवळा, लोहाचे अनेक रंग, आणि हवेचे स्वतःचे. मिथुनेच्या उल्कांत सोडियम पुष्कळदा कमी सापडतं, कारण सूर्याजवळून जाताना दाण्यांतलं सोडियम भाजून निघून गेलेलं असतं. आपल्याला दिसते ती जळणारी तूर नव्हे. तिच्याभोवतीचा, तिच्याहून कितीतरी रुंद, चमकत्या वायूचा खांब दिसतो.

(पुतण्या इथं जांभई देत होता. इलेक्ट्रॉनव्होल्ट काढायला नको होते.)

म्हणून त्याला ऊर्जा दुसऱ्या मापानं सांगितली. तुरीच्या दाण्याएवढा दगडी खडा धरा ०.२ ग्रॅमचा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर १,२२,५०० जूल. तेवढ्या ऊर्जेत दहा क्विंटल कापूस साडेबारा मीटर, म्हणजे चार मजले वर उचलता येतो. बंडीभर कापूस चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, एका तुरीच्या दाण्यानं, पाऊण सेकंदात. जांभई थांबली. त्यातला फारच थोडा भाग प्रकाश होतो, तरी दीडशे किलोमीटरवरून दिसतो. पूर्व-ईशान्येला तीस अंश उंचीवर आम्हाला जी उल्का दिसली, ती खरं तर वर्ध्याच्या आकाशात होती. वर्ध्याच्या माणसानं मान मोडून वर पाहिलं असेल, तीच ती.

लाडबोरीचं रॉकेट याच्या अगदी उलट. वस्तू मोठी, वेग कमी, उतार तिरपा. ते दाट हवेपर्यंत उतरतं, पुढची हवा सायकलच्या पंपात दाबावी तशी दाबली जाऊन तापते, धातूचे तुकडे पडत जातात, म्हणून माळ दिसते. आणि दगड खरोखर प्रचंड असला तर हवा त्याला अडवूच शकत नाही. त्याचा नमुना आमच्या शेजारीच आहे, लोणार. बेसॉल्टच्या काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. लवणासुराला विष्णूनं मारलं ती जागा, अशी कथा आहे आणि दैत्यसूदनाचं देऊळ फार देखणं आहे. तिथं फिरताना कुणी काळा दगड ‘उल्केचा तुकडा’ म्हणून विकू लागला तर घेऊ नका, तो आपला दख्खनचा दगड. आलेला पाहुणा आदळताक्षणी बहुतेक वाफ होऊन गेला.

एक वाजला तशी मोजणी सुरू केली. नियम असा, की बोलायचं नाही, दिसली की वहीत एक रेघ, पाचवी आडवी. मिथुनेकडूनच आलेली असेल तर रेघ, दुसरीकडून आली तर टिंब. मागं वाढवून पाहिली तर जी पुनर्वसूपाशी पोचते ती आपली. सगळ्या उल्का एका बिंदूतून निघाल्यासारख्या वाटतात, कारण त्या एकमेकींना समांतर येतात. सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, तसं.

मोजताना मान वळवत मी अधूनमधून बाकी आकाशही पाहत होतो. मृग दक्षिणेकडे उंच होता. गोंड समाजाच्या आकाशकथांचा अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया यांनी अमरावतीच्या सहकाऱ्यासोबत विदर्भात फिरून केला. त्यात मृगात शिकारी नाही, नांगर आहे. आणि सप्तर्षी म्हणजे म्हातारीची खाट, जी तीन चोर ओढून नेताहेत. बाजेवर पडून पाहताना ही खाट मला ऋषींपेक्षा जास्त पटते.

दोन वाजता वही पाहिली. सेहेचाळीस रेघा, सहा टिंबं.

“एकशे वीसमधून चौऱ्याहत्तर अजून बाकीच,” पुतण्या म्हणाला. आता तो हिशेब त्याचा त्यालाच करता येत होता. बिंदू जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे तिथं फारशी तूट नाही. पण वर्षावाचा उच्चांक त्या दिवशी दुपारच्या उजेडात होऊन गेला होता, १२० त्या वेळचे. रात्रीपर्यंत धूळ विरळ झालेली. शिवाय गावाच्या दिशेला क्षितिजावर पिवळसर धुकट फुगा. दहा वर्षांपूर्वी तो नव्हता. गावात एलईडी आले, चांगलं झालं, पण त्यातला निम्मा उजेड वर आभाळाला पाजला जातो. आमचं आकाश सहाव्या प्रतीपर्यंत आलंय, म्हणजे अर्धी प्रत गेली. २.६ चं वर्गमूळ १.६, त्यानं भागायचं. नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथल्या गावांतले दिवे बदलून त्यांची तोंडं खाली वळवली. दिवे काढावे लागत नाहीत, वरून टोपी घातली तरी पुरते.

दोन वाजून दहा मिनिटांनी मोटरचा आवाज खाली गेला आणि बंद झाला. स्प्रिंकलर एकेक करून माना टाकून थांबले. क्षितिजावरचा पिवळा फुगाही गेला. सगळ्या गावची लाइन गेली होती.

आकाश एकदम खाली आल्यासारखं झालं. कृत्तिकांभोवती, रोहिणीच्या मागं, जिथं मघापर्यंत रिकामं होतं तिथं तारे. चंद्रकोर उगवायला अजून वीसेक मिनिटं होती. पुतण्यानं पुन्हा वही घेतली. दहा मिनिटांत अकरा. त्यातली एक हिरवट, सावल्या पाडणारी, तिची धुरकट वाट दोन-तीन सेकंद तशीच राहिली.

चुलतभाऊ स्टार्टरच्या पेटीपाशी उभा राहून कुणाला तरी फोन लावत होता. अर्ध्याच तुकड्याला पाणी झालं होतं.

“काका,” पुतण्या हळूच म्हणाला, “लाइन अर्धा तास नाही आली तर?”

त्यानं ते ऐकलंच. “तू तुह्या उल्का मोज बाप्पा,” तो तिकडून म्हणाला, “माह्या हरभऱ्याले काय तारे पाजू?”